कमी खर्चाचा प्रवास आणि प्रवासाची ओढ लावणारी संकेतस्थळे : सीमाभागातील वाचकांनी आपापली भर घालावी

घाटमाथा (बेळगाव)

नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडे चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला प्रवासाचा बेत आखताना एक अडचण नेहमी येते. घर एका राज्यात, कुलदैवत दुसऱ्या राज्यात आणि घाट उतरला की तिसरे राज्य, अशी इथली रचना असल्यामुळे कोणतेही एक संकेतस्थळ आपल्याला पुरे पडत नाही. कर्नाटकाच्या पर्यटन खात्याच्या पानावर चंदगडचे किल्ले नसतात आणि महाराष्ट्राच्या पानावर हलशी नसते. त्यामुळे दोन्हीकडची माहिती जोडून घेण्याचे काम आपल्यालाच करावे लागते, आणि ते नीट केले तर खर्चही निम्म्यावर येतो, असे माझे ठाम मत आहे. आपण प्रत्यक्ष वापरत असलेली, विश्वासाची संकेतस्थळे आणि ॲप इथे एकत्र यावीत, अशी विनंती आहे.

कुठे जावे हे ठरवण्यासाठी मी सर्वांत जास्त वापरतो ते इंटरनेट अर्काइव्ह, म्हणजे जुनी पुस्तके ठेवणारे ऑनलाइन ग्रंथालय. तिथे जुन्या मुंबई इलाख्याचे गॅझेटियर मोफत वाचता येते. त्याचा एकविसावा खंड बेळगाव जिल्ह्याचा असून तो १८८४ साली निघाला. त्यात गावांची अकारविल्हे टिपणे आहेत आणि त्यांतून आपल्याच तालुक्यातील कितीतरी विसरलेली ठिकाणे समोर येतात. हलशीचे उदाहरण घ्या. कदंबांच्या काळात पलाशिका म्हणून ओळखले जाणारे हे गाव खानापूरपासून बसने सहज गाठता येते. तिथल्या भूवराह नरसिंह मंदिराचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल, पण कदंब राजांच्या ताम्रपटांविषयी कोरीव लेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी इंडियन अँटिक्वेरी या नियतकालिकात लिहिलेले लेख वाचून तिथे गेल्यास त्या दगडांकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. ते अंकही त्याच संग्रहात आहेत. शोधताना जुने स्पेलिंग वापरावे, नाहीतर काहीच हाती लागत नाही.

दुसरी गोष्ट नकाशांची. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवर नोंदणी केल्यावर १:५०,००० मापाचे खुल्या मालिकेतील नकाशे मोफत उतरवून घेता येतात. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून तयार केलेल्या खुल्या नकाशावर आधारलेली ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑसमॅन्ड ही ॲप आधी नकाशा उतरवून ठेवल्यास नेटवर्क नसतानाही चालतात. जांबोटी, कणकुंबी, हेम्माडगा या बाजूला फिरणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

नकाशा समोर ठेवून मला सुचलेला एक बेत सांगतो. आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी आजऱ्याजवळ रामतीर्थाला धबधब्याच्या रूपाने भेटते, पुढे गडहिंग्लज आणि संकेश्वर या गावांवरून वाहते आणि घटप्रभेला मिळते. तीच घटप्रभा पुढे गोकाकला सुमारे ५२ मीटर उंचीवरून कोसळते. एका नदीचा हा सगळा प्रवास दोन राज्यांच्या साध्या बसगाड्यांनी, टप्प्याटप्प्याने, अगदी थोड्या पैशांत करता येतो. पाऊस स्थिरावल्यावरचा काळ त्यासाठी उत्तम. असा बेत कोणत्याही सहल कंपनीच्या पत्रकात सापडत नाही.

निपाणीवेस (निपाणी)

घाटमाथा यांनी चांगला विषय काढला आहे. मी बसप्रवासाविषयी लिहितो, कारण आपल्या भागात स्वस्त प्रवासाचा खरा आधार बसच आहे.

आपल्याकडच्या कर्नाटकी गाड्या वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाच्या असतात. त्याचे मुख्यालय हुबळीला आहे. त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचे आरक्षण केएसआरटीसीच्या (कर्नाटक राज्य रस्ते परिवहन महामंडळाच्या) संकेतस्थळावर होते. महाराष्ट्राच्या एसटीचे आरक्षण तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर, तर गोव्याच्या कदंब महामंडळाचे वेगळे. तिन्ही पाने उघडून एकाच मार्गाचे भाडे आणि वेळ ताडून पाहण्याची सवय लावून घ्यावी. बेळगाव ते पणजी किंवा बेळगाव ते पुणे अशा मार्गांवर त्यामुळे निवड करायला वाव मिळतो.

आता महिलांच्या सवलतीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण यात अनेकींचा गोंधळ होतो. कर्नाटकाची शक्ती योजना ११ जून २०२३ पासून सुरू आहे. कर्नाटकात रहिवासी असलेल्या महिलांना राज्यातील साध्या आणि एक्स्प्रेस गाड्यांत मोफत प्रवास करता येतो. त्यासाठी कर्नाटकातील पत्ता असलेले सरकारी ओळखपत्र दाखवावे लागते आणि वाहक शून्य रकमेचे तिकीट देतो. ते तिकीट उतरेपर्यंत जपून ठेवावे. आरामगाड्यांना आणि आंतरराज्य गाड्यांना ही सवलत नाही. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीमध्ये महिलांना निम्मे भाडे लागते, पण तेही महाराष्ट्राच्या हद्दीतील अंतरापुरतेच. याचा अर्थ असा की, बेळगावहून कोल्हापूरला थेट आंतरराज्य गाडीने जाणाऱ्या महिलेपेक्षा बेळगाव ते निपाणी राज्यांतर्गत गाडीने आणि निपाणीहून पुढे एसटीने जाणारीचा खर्च बराच कमी होतो. वेळ थोडा जास्त लागतो, निपाणीच्या स्थानकावर थांबावे लागते, सामान असेल तर ते उतरवावे लागते. ज्यांना घाई नाही त्यांनी हा मार्ग जरूर विचारात घ्यावा. नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी दोन्ही महामंडळांचे अधिकृत पान पाहावे आणि कोणीतरी पुढे पाठवलेल्या व्हॉट्सॲप संदेशावर विसंबू नये.

ज्येष्ठांसाठीही एसटीच्या सवलती आहेत : ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आणि ७५ वर्षांपुढील नागरिकांना मोफत प्रवास. अट तीच, महाराष्ट्राच्या हद्दीची.

एसटीची आणखी एक जुनी आणि गुणी योजना म्हणजे 'आवडेल तेथे प्रवास'. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास एकदा काढला की त्या मुदतीत हवे तिथे चढावे, हवे तिथे उतरावे. कोकणात किंवा विदर्भात भटकंती करायची असेल तर कोल्हापूर किंवा गडहिंग्लजच्या आगारात पास काढून सुरुवात करता येते. पासाचे दर गाडीच्या प्रकारानुसार बदलतात, ते आगारातच विचारून घ्यावेत.

खेड्यापाड्यांतल्या साध्या गाड्यांचे वेळापत्रक मात्र कोणत्याही संकेतस्थळावर पुरेसे भरवशाचे मिळत नाही. स्थानकातील नियंत्रकाला विचारणे आणि फलकाचे छायाचित्र काढून जपून ठेवणे, हाच त्यावरचा उपाय आहे. आपण सर्वांनी आपापल्या गावच्या स्थानकातील फलकाची छायाचित्रे तारखेसह इथे दिली, तर त्याहून उपयुक्त साधन दुसरे नसेल.

लोंढ्याची गाडी (खानापूर)

रेल्वेविषयी मी भर घालतो.

गाडी कुठे पोहोचली आणि किती उशिरा आहे, हे पाहण्यासाठी रेल्वेची स्वतःची एनटीईएस ही चौकशी सेवा वापरावी. आरक्षणासाठी आयआरसीटीसी, आणि जुलै २०२५ मध्ये आलेल्या रेलवन ॲपवर आरक्षित व अनारक्षित दोन्ही तिकिटे एका ठिकाणी मिळतात. गाडीचे डबे, थांबे आणि प्रवाशांचे अनुभव वाचायचे असतील तर इंडिया रेल इन्फो हे संकेतस्थळ चांगले आहे. स्थानकाचे नाव बदलले असले तरी बेळगावचा संकेतांक अजून बीजीएम हाच आहे, हे नव्याने तिकीट काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. गणपती, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीचे बेत आखणाऱ्यांनी दिनदर्शिकेवर ६० दिवस मागे मोजून खूण करून ठेवावी. तत्काळ आरक्षण आदल्या दिवशी, वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता उघडते. ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी १ जुलै २०२५ पासून खाते आधारशी जोडलेले असणे आवश्यक झाले आहे. हे काम ऐनवेळी करायला बसू नये.

आता पैसे वाचवणारी आणि फारशी कोणाला माहीत नसलेली सोय सांगतो. ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर वाटेत मुक्काम करण्याची मुभा रेल्वे देते. पहिला मुक्काम निघाल्यापासून ५०० किलोमीटर अंतर कापल्यावरच करता येतो आणि तो दोन दिवसांपर्यंतचा असतो. १,००० किलोमीटरपर्यंतच्या तिकिटाला असा एक मुक्काम मिळतो, त्याहून लांबच्या तिकिटाला दोन. बेळगावहून दिल्लीला जाणारी गोवा एक्स्प्रेस पुणे, मनमाड, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा अशी जाते. एकाच लांब तिकिटावर भोपाळला उतरून सांची आणि भीमबेटका पाहावे आणि पुढे झाशी किंवा ग्वाल्हेरला थांबावे, असा बेत करता येतो. अंतर वाढत जाते तसा रेल्वेचा दर किलोमीटरमागे कमी होत जातो, म्हणून तुकड्यातुकड्यांची तिकिटे काढण्यापेक्षा एक सलग तिकीट स्वस्त पडते. प्रत्येक टप्प्याची जागा मात्र स्वतंत्रपणे राखावी लागते आणि उतरलेल्या स्थानकावर तिकिटावर तशी नोंद करून घ्यावी लागते. त्यामुळे हे सगळे आरक्षण खिडकीवर जाऊन, बोलून केलेले बरे. राजधानीसारख्या गाड्यांना ही सोय नाही.

परदेशात रेल्वेने फिरण्याची ज्यांना स्वप्ने पडतात त्यांनी 'द मॅन इन सीट सिक्स्टी-वन' हे संकेतस्थळ पाहावे. २००१ पासून चालणाऱ्या या स्थळावर जगभरच्या गाड्यांची माहिती एका रेल्वेवेड्या माणसाने गोळा केली आहे. जायचे नसले तरी वाचावे, इतके ते सुंदर आहे.

एक कळकळीची विनंती. कॅसलरॉक ते कुळे या घाटातल्या रुळांवरून चालत दूधसागरला जाण्याचे चलचित्र पाहून कोणी तसा विचार करत असेल, तर कृपया करू नये. रुळांवरून चालणे हा गुन्हा आहे, रेल्वे पोलीस तिथे कारवाई करतात, आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला होण्यासाठी जागाच नसते. गाडीच्या खिडकीतून तो धबधबा अतिशय छान दिसतो.

शहापूरवासी (बेळगाव)

सर्वांचे आभार. मला आईला घेऊन जायचे असते आणि तिचे गुडघे दुखतात. बसची आणि रेल्वेची माहिती मिळाली, पण राहण्याचा खर्चच सगळ्यांत जास्त होतो. दोन महिलांना सुरक्षित वाटेल, स्वच्छ असेल आणि खिशाला झेपेल, अशी जागा शोधण्यासाठी आपण काय वापरता? हॉटेलांच्या ॲपवरची छायाचित्रे आणि प्रत्यक्ष खोली यांत फार अंतर असते, असा अनुभव आहे.

घाटमाथा (बेळगाव)

शहापूरवासी ताई, मी चार प्रकारच्या जागा सुचवतो.

पहिली म्हणजे रेल्वे स्थानकांवरील विश्रांतिकक्ष. आयआरसीटीसीच्या पानावर पक्के तिकीट दाखवून ते राखता येतात. पहाटे गाडी पोहोचणार असेल तर स्थानकाबाहेर जावेच लागत नाही, आणि आईंच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. कक्ष कोणत्या मजल्यावर आहे हे आधी विचारावे.

दुसरी, देवस्थानांची भक्तनिवासे. पंढरपूर आणि शिर्डी येथील खोल्या देवस्थानाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून राखता येतात. तिसरी, कर्नाटक राज्य पर्यटन विकास महामंडळाची 'मयूर' हॉटेले. ती अगदी स्वस्त नसतात, पण जागा मोक्याची असते आणि कुटुंबासाठी वातावरण चांगले असते. चौथी, यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाची वसतिगृहे. ही संस्था १९४९ पासून आहे. नाव युवकांचे असले तरी सदस्य होण्याला वयाची आडकाठी नाही.

छायाचित्रांविषयी म्हणाल तर हॉटेलने दिलेली छायाचित्रे सोडून गूगल नकाशावर पाहुण्यांनी टाकलेली पाहावीत, आणि अभिप्राय 'सर्वांत नवे' या क्रमाने लावून वाचावेत. मोठ्या स्तुतीपेक्षा पाणी, पंखा, दाराची कडी यांविषयी लिहिलेल्या दोन ओळी अधिक उपयोगी असतात.

वडगावची वाचक (बेळगाव)

भक्तनिवासांचा उल्लेख आला म्हणून सावध करते. प्रसिद्ध देवस्थानांच्या नावाने हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळे तयार करून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार देशभर चालू आहेत. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये चारधाम यात्रेची हेलिकॉप्टर तिकिटे, यात्रेकरूंची निवासस्थाने यांच्या बनावट आरक्षणाबद्दल जाहीर इशारा दिला होता. शोध घेतल्यावर सगळ्यांत वर जे येते ती पुष्कळदा जाहिरात असते. त्यामुळे पत्ता नीट वाचावा, देवस्थानाच्या कार्यालयात दूरध्वनी करून खात्री करावी आणि कोणाच्या वैयक्तिक यूपीआय खात्यावर पैसे पाठवू नयेत. फसवणूक झालीच तर एक मिनिटही न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे. लवकर कळवल्यास रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते.

पाणंद (चंदगड)

आतापर्यंत मंदिरे, बस आणि रेल्वे झाली. रान राहिले.

किल्ल्यांसाठी ट्रेकक्षितिज हे मराठी संकेतस्थळ मला सर्वांत भरवशाचे वाटते. आमच्या तालुक्यातील पारगड, कलानिधीगड, गंधर्वगड, महिपालगड आणि बेळगावजवळचा राजहंसगड यांच्याकडे जाण्याच्या वाटा, पाण्याची सोय, राहण्याची सोय असे सगळे तिथे नेमकेपणाने दिलेले असते. पारगडावर आजही वस्ती आहे, म्हणून तिथे जाताना आपण कोणाच्या तरी अंगणातून जात आहोत, हे भान ठेवावे.

पक्ष्यांसाठी कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचे ईबर्ड वापरावे. ते पूर्णपणे मोफत आहे. एखादे ठिकाण निवडले की तिथे कोणता पक्षी कोणत्या महिन्यात दिसतो, याचा आलेखच समोर येतो. दांडेली, गणेशगुडी या बाजूला धनेश पाहण्यासाठी लोक दूरदूरच्या शहरांतून मोठा खर्च करून येतात. आपल्याला ते सकाळच्या बसच्या अंतरावर आहेत. बेडूक, फुलपाखरे, वनस्पती यांच्यासाठी आयनॅचरलिस्ट आहे. तिथे आंबोलीच्या नोंदी पावसाळ्यात वाचत बसाव्यात. हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या माशाच्या एका प्रजातीला त्या नदीचेच नाव मिळाले आणि ती जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली, ही गोष्ट ठाऊक असली तर त्या लहानशा कुंडाजवळ माणूस आपोआप हळू बोलू लागतो आणि पाण्यात पाय घालत नाही.

कर्नाटकातील जंगलवाटांसाठी वनखात्याच्या अरण्य विहार या संकेतस्थळावर आरक्षण करावे लागते. भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय शिरू नये. तिथल्या बारापेडे गुहांमध्ये राहणारे रॉटन वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी आढळते, आणि त्यांना उठवून काढलेल्या छायाचित्राने कोणाचेच भले होत नाही.

कित्तूरची वाट (बैलहोंगल)

सगळे वाचून आनंद झाला, पण एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. गॅझेटियर आणि सर्वेक्षणाचे नकाशे ही अभ्यासू माणसाची साधने झाली. माझ्या महाविद्यालयातील मुलांना बाहेर पडण्याची ओढ इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवरूनच लागते. गोडचिनमलकीचा धबधबा त्यांना गॅझेटियरमुळे कळला नाही. शिवाय ते गॅझेटियर इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेने लिहिलेले आहे. कित्तूरच्या १८२४ सालच्या लढ्याचे त्यातले वर्णन वाचताना हे सतत ध्यानात ठेवावे लागते.

घाटमाथा (बेळगाव)

आपला दुसरा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. म्हणूनच त्यासोबत मराठी विश्वकोशातील नोंदी वाचाव्यात. त्या ऑनलाइन मोफत आहेत.

पहिल्या मुद्द्याविषयी एवढेच म्हणेन की, चलचित्र पाहून ओढ लागावी, पण बेत त्यावर आखू नये. तिथे धबधबा जुलैतला दिसतो आणि प्रकाशित होतो तो मार्चमध्ये. वाट किती निसरडी आहे, शेवटची बस किती वाजता आहे, प्रशासनाने बंदी घातली आहे का, हे त्या अर्ध्या मिनिटात येत नाही. पावसाळ्यात निघण्यापूर्वी भारतीय हवामान विभागाचा जिल्हावार इशारा पाहणे आणि त्या गावच्या कोणाला तरी दूरध्वनी करणे, एवढे मुलांनी केले तरी पुष्कळ झाले. आणि त्यांना कॅमेऱ्याची हौस आहेच, तर आपल्या तालुक्यातील मंदिरांची, वीरगळांची छायाचित्रे त्यांनी विकिमीडिया कॉमन्सवरही, म्हणजे विकिपीडियाला छायाचित्रे पुरवणाऱ्या खुल्या संग्रहातही ठेवावीत. आपल्या भागातील कितीतरी गावांच्या विकिपीडियावरील पानांवर अजून एकही छायाचित्र नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर गावचा बसथांबा आणि पिण्याच्या पाण्याची जागा नोंदवणे तर मोबाइलवरूनही जमते.

शहापूरवासी (बेळगाव)

आईला बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे दाखवायचे ठरवत आहे. कमी खर्चात आणि कमी दगदगीत कसे जमेल?

लोंढ्याची गाडी (खानापूर)

शहापूरवासी ताई, बदामीला मुक्काम ठेवावा. बेळगावहून हुबळीपर्यंत रेल्वे आणि तिथून गदगमार्गे बदामीची रेल्वे, असा मार्ग आईंना बसपेक्षा सुखाचा होईल. स्थानक गावापासून थोडे दूर आहे, रिक्षा करावी लागते. बसने गेलात तर राज्याच्या आतच प्रवास असल्यामुळे साध्या गाडीत दोघींनाही शक्ती योजनेचा लाभ मिळेल, पण वाटेत गाडी बदलण्याची तयारी ठेवावी.

राहण्यासाठी तिथे 'मयूर चालुक्य' आहे. प्रवेश तिकिटे पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवर काढल्यास खिडकीपेक्षा थोडी स्वस्त पडतात. बदामीचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, तेव्हा तो वार टाळावा. लेण्यांना पायऱ्या बऱ्याच आहेत आणि वर माकडांचा त्रास आहे, म्हणून आईंना पहिल्या लेण्यापर्यंत सावकाश नेऊन पुढचे त्यांच्या गुडघ्यांवर सोडावे. पट्टदकल मात्र सपाट आवारात आहे. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेली ती मंदिरे त्यांना न दमता पाहता येतील. युनेस्कोच्या संकेतस्थळावर त्यांचे थोडक्यात वर्णन आहे, ते आदल्या रात्री आईंना मराठीत वाचून दाखवावे. ऐहोळे आणि पट्टदकल एका दिवसात करायचे असेल तर एवढ्या एका दिवसापुरती बदामीहून रिक्षा ठरवावी. बसच्या वेळा तिथे विरळ आहेत, आणि उन्हात थांब्यावर उभे राहण्यापेक्षा हा खर्च योग्य ठरेल.

शहापूरवासी (बेळगाव)

मनापासून आभार. नोव्हेंबरच्या अखेरीस जायचे ठरवले आहे. परत आल्यावर हुबळी आणि बदामी येथील बसफलकांची छायाचित्रे तारखेसह इथे देईन.